मे महिन्यातही टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग: प्रोसेसरचं तापमान सांभाळण्याची पद्धत

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. ते शिकायला बसलेला माणूस आधी गिगाहर्ट्झ, म्हणजे वेग, बघतो आणि मग तापमान. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. तापमानाचा हिशेब जमला की वेग कुठपर्यंत न्यायचा ते त्यातूनच ठरतं. हिशेब न करता वाढवलेला वेग डिसेंबरात छान चालतो. एप्रिल उजाडला की मात्र गेम अडखळायला लागतो, व्हिडिओ एक्स्पोर्टला जास्त वेळ लागतो, कधी संगणक मध्येच रीस्टार्ट होतो. आपल्याकडे एकाच खोलीत जानेवारी आणि मे यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो, आणि अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. परदेशातल्या एसी खोलीत केलेल्या चाचणीचे आकडे इथे जसेच्या तसे उचलून चालत नाहीत.

पुढची सगळी उदाहरणं एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्स या प्रोसेसरची आहेत. २०२०च्या नोव्हेंबरात आलेला हा ६ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारा भाग) प्रोसेसर आजही अनेकांच्या टेबलावर आहे, बी५५० मदरबोर्डवर तो ओव्हरक्लॉक करता येतो आणि चुकलं तरी सावरून घेणारा आहे. इंटेलवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे, पण मोजमापाची रीत दोघांनाही सारखीच लागू पडते.

पहिली पायरी: उष्णता कुठून येते ते समजून घ्या

प्रोसेसरला लागणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. समजा सगळे कोअर १.२० व्होल्टवर ४.४ गिगाहर्ट्झला चालत आहेत आणि तुम्हाला ४.६ हवेत, पण त्यासाठी १.३२ व्होल्ट द्यावे लागतात. वेग वाढला साधारण साडेचार टक्के. उष्णता मात्र वर्गाच्या हिशेबाने सुमारे २६ टक्क्यांनी वाढली. ७६ वॉटचे ९६ वॉट झाले. शिवाय चिप जितकी गरम, तितकी तिच्यातून होणारी विजेची गळती जास्त, म्हणजे प्रत्यक्षातला आकडा थोडा वरच जाणार.

म्हणून नवशिक्याने सगळ्यात जपून हात लावायची गोष्ट म्हणजे व्होल्टेज. एक सेटिंग बदलून भागणार असेल तर ती व्होल्टेज वाढवण्याची नसावी.

आता कूलरची बाजू. हवेचा असो की पाण्याचा, कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो उष्णता उचलून आजूबाजूच्या हवेत टाकतो. ठरावीक कूलर, पंख्याचा ठरावीक वेग आणि ठरावीक वॉट असतील तर प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातला फरक जवळपास कायम राहतो. हा फरक हा आपला मुख्य आकडा. समजा २४ अंशांच्या खोलीत ७६ वॉट खाताना प्रोसेसर ६६ अंशांवर आहे. फरक ४२. मे महिन्यात खोली ३८ झाली की हाच प्रोसेसर ८० वर जाईल. चिंता नाही, कारण ५६००एक्सची मर्यादा ९५ अंशांची आहे.

हाच हिशेब वीज वाढवून करून बघा. तुम्ही विजेची मर्यादा ११० वॉटवर नेली. फरकही त्याच प्रमाणात वाढतो: ४२ गुणिले ११० भागिले ७६, म्हणजे ६१. जानेवारीत २४ आणि ६१ मिळून ८५, सगळं ठीक. मे महिन्यात ३८ आणि ६१ मिळून ९९. प्रोसेसर ९९ पर्यंत जाणार नाही, तो ९५ला स्वतःचा वेग कमी करेल. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. ज्या वेगासाठी एवढा खटाटोप केला, तो नेमका भर उन्हाळ्यात हातातून जातो.

थ्रॉटलिंग वाईट नाही, ते चिपचं संरक्षण आहे. २००१ साली टॉम्स हार्डवेअरने चालू संगणकावरून कूलर काढून दाखवला होता. तेव्हाचा एएमडी ॲथलॉन काही क्षणांत जळाला आणि पेंटियम ४ मात्र वेग कमी करून तगला. आजचे प्रोसेसर सगळेच स्वतःला वाचवतात. त्यामुळे तापमान जरा वर गेलं म्हणून लगेच काही जळत नाही. पण रोजच्या वापरात सतत मर्यादेला टेकून चालणारं ओव्हरक्लॉकिंग माझ्या मते करूच नये.

दुसरी पायरी: काहीही बदलण्याआधी मोजा

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सगळं मूळ जागी ठेवा. एचडब्ल्यूइन्फो६४ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्या आणि फक्त सेन्सर दाखवणारी खिडकी उघडा. आकड्यांची भलीमोठी यादी दिसेल, तिला घाबरू नका. लागणारे आकडे थोडेच: टीसीटीएल/टीडाय या नावाने दिसणारं प्रोसेसरचं तापमान, पीपीटी म्हणजे प्रोसेसर सॉकेटमधून खात असलेली एकूण वीज, कोअरचा प्रत्यक्ष वेग आणि कूलरच्या पंख्याचे फेरे.

एक साधा थर्मामीटर घेऊन तो कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, जिथून हवा आत शिरते तिथे ठेवा. खोलीचं तापमान म्हणून मोबाइलवरचा हवामानाचा आकडा धरू नका, तो तुमच्या खोलीचा नसतो.

बायोसमधून कूलरचे पंखे एकाच वेगावर, म्हणजे समजा ८० टक्क्यांवर, बांधून टाका. पंखा आपोआप कमी-जास्त होत राहिला तर दोन दिवसांच्या मोजमापांची तुलनाच होत नाही. मग कॅबिनेटचं झाकण लावून सिनेबेंच आर२३, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन गुण देणारा प्रोग्रॅम, त्याची दहा मिनिटांची चाचणी चालवा. शेवटच्या दोन-तीन मिनिटांतलं तापमान, वॉट, वेग, गुण आणि खोलीचं तापमान वहीत लिहा. लिहाच. पुढे दहा वेळा सेटिंग बदलल्यावर मूळ आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

नव्यांना दोन गोष्टी हमखास घाबरवतात. रायझनचं तापमान रिकाम्या वेळीसुद्धा ४० वरून ५५ वर उडी मारतं आणि लगेच खाली येतं. एखादा कोअर क्षणभर जोरात धावला की तसं होतं. ते नेहमीचं आहे. दुसरं म्हणजे हलक्या कामात व्होल्टेज १.४च्या वर दिसणं. एका-दोन कोअरसाठी, थोड्या करंटवर, प्रोसेसर स्वतः तसं करतो. तेच १.४ व्होल्ट आपल्या हाताने सगळ्या कोअरना कायमचे देणं ही पूर्णपणे वेगळी आणि घातक गोष्ट आहे.

तिसरी पायरी: थंड करण्याची व्यवस्था

५६००एक्ससोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर मूळ वेगापुरता आहे. ओव्हरक्लॉकिंग करायचं तर किमान १२० मिलिमीटर पंख्याचा, चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर कूलर हवा. महागडा ३६० मिलिमीटरचा वॉटर कूलर या प्रोसेसरवर मला वाया गेलेला पैसा वाटतो. कारण असं: सगळे कोअर असलेली चिप जेमतेम ८१ चौरस मिलिमीटरची आहे. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढून वरच्या धातूच्या झाकणापर्यंत आणणं हीच अडचण. त्यापुढे रेडिएटर कितीही मोठा केला तरी फायदा उतरत जातो. शिवाय ती चिप झाकणाच्या बरोबर मधोमध नसून एका बाजूला आहे. नॉक्टुआसारखे काही उत्पादक म्हणूनच कूलर थोडा सरकवून बसवण्याच्या पट्ट्या देतात.

जुना कूलर काढताना सावध राहा. एएम४ सॉकेटच्या (५६००एक्स त्यातलाच) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि कूलर व प्रोसेसर यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट सुकली की इतकी चिकटते की कूलर वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी संगणकावर दहा-पंधरा मिनिटं जड काम चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून वीज काढा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत सैल करा. सुटला की मगच उचला.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसून घ्या. नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, मध्यभागी. नव्या कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसेल. पेस्टऐवजी काही जण वापरतात तो लिक्विड मेटल नावाचा प्रकार नव्या माणसाने लांबच ठेवावा. तो वीजवाहक आहे, मदरबोर्डवर थेंब सांडला तर शॉर्ट होतो आणि ॲल्युमिनियम तर तो खाऊनच टाकतो.

कॅबिनेटकडे लोक दुर्लक्ष करतात आणि खरी मेख अनेकदा तिथेच असते. वर आपण ‘खोलीचं तापमान’ म्हटलं, पण कूलर ओढतो ती हवा कॅबिनेटच्या आतली. गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड दीड-दोनशे वॉट उष्णता त्याच डब्यात सोडत असतं. सिनेबेंचमध्ये ग्राफिक्स कार्ड शांत असतं, म्हणून तिथले आकडे बघून गेमचा अंदाज बांधू नका. एक सोपी परीक्षा आहे. अर्धा तास गेम चालवून तापमान लिहा, मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून पुन्हा तेच करा. झाकण काढल्यावर पाच-सहा अंशांहून जास्त उतरलं तर कूलर बदलण्याआधी कॅबिनेटची हवा सुधारा. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, ही मांडणी बहुतेक ठिकाणी पुरते. पुढे काच असलेली, दिसायला देखणी पण हवेला फट नसलेली कॅबिनेटं आपल्या हवामानात घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वॉटर कूलर लावलाच असेल तर पंप हा सगळ्या जोडणीतला सर्वांत उंच भाग राहणार नाही असं बघा, नाहीतर आतली हवा पंपात जमा होते. पंप पूर्ण वेगावर ठेवा. आणि चाचणी दहा मिनिटांवर थांबवू नका. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे खरं तापमान अर्ध्या तासाने कळतं.

चौथी पायरी: आधी व्होल्टेज उतरवा, मग वेगाकडे वळा

बायोसमध्ये पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, हा एएमडीचा ओव्हरक्लॉकिंगचा मेन्यू शोधा. बोर्डानुसार जागा बदलते, पण ॲडव्हान्स्डमध्ये एएमडी ओव्हरक्लॉकिंगखाली तो सापडतो. सुरू करण्याआधी हे ध्यानात घ्या की ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान प्रोसेसरच्या वॉरंटीत बसत नाही.

त्यात कर्व्ह ऑप्टिमायझर आहे. ऋण आकडा दिला की त्याच वेगासाठी प्रोसेसर कमी व्होल्टेज मागतो. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सगळ्या कोअरना उणे १० देऊन सुरुवात करा. पुन्हा सिनेबेंच. बहुधा असं दिसेल की वॉट तेवढेच, तापमान तेवढंच किंवा किंचित कमी, आणि वेग मात्र वाढलेला. याच्याइतका फुकटचा फायदा ओव्हरक्लॉकिंगमध्ये दुसरा नाही. पुढे उणे १५, उणे २० असं पाच-पाचने उतरा. रायझन मास्टर या एएमडीच्या प्रोग्रॅममध्ये तारा लावून दाखवलेले सर्वोत्तम कोअर आधीच कमी व्होल्टेजवर चालत असतात, त्यामुळे ते बाकीच्यांइतके खाली जात नाहीत. त्यांना वेगळा, सौम्य आकडा द्यावा लागतो. एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या नसतात, म्हणून दुसऱ्याचा उणे ३० बघून आपण थेट तिथे उडी मारू नये.

हे स्थिर झालं की विजेची मर्यादा. ५६००एक्सची मूळ मर्यादा पीपीटी ७६ वॉट, टीडीसी (सतत चालणाऱ्या करंटची मर्यादा) ६० अँपिअर आणि ईडीसी (क्षणिक करंटची मर्यादा) ९० अँपिअर अशी आहे. पीपीटी ८८वर न्या, बाकीचे दोन प्रमाणात वाढवा, चाचणी घ्या, वहीत लिहा. मग ९५, मग १०५. प्रत्येक पायरीला मिळालेले गुण आणि वाढलेले अंश शेजारी शेजारी ठेवून बघा. एका टप्प्यानंतर दहा वॉटला पाच अंश चढतात आणि गुण जेमतेम हलतात. तिथेच थांबा. बूस्टचा, म्हणजे प्रोसेसर गरजेनुसार स्वतःहून गाठतो तो, वरचा वेग वाढवणारी २०० मेगाहर्ट्झपर्यंतची सेटिंग सगळ्यात शेवटी, तीही पन्नास-पन्नासने.

सगळे कोअर एका वेगाला आणि एका व्होल्टेजला बांधून टाकायची जुनी पद्धतही आहे. रात्रभर रेंडरिंग करणाऱ्याला ती उपयोगी पडू शकते, पण गेमसाठी नको, कारण एका-दोन कोअरचा उंच बूस्ट त्यात हातचा जातो. ती वापरायचीच तर ५६००एक्सवर १.२५ व्होल्टच्या आसपास राहा.

याच मेन्यूत प्लॅटफॉर्म थर्मल थ्रॉटल लिमिट असते. ती हाताने ८५ करा. म्हणजे तुमचा हिशेब कुठे चुकला, पंखा अडकला, खोलीचा एसी बंद पडला, तरी प्रोसेसर ९५ ऐवजी ८५लाच आवरतो. नवशिक्यांच्या याद्यांमध्ये ही सेटिंग फारशी दिसत नाही, पण मी ती पहिल्या दिवशीच लावायला सांगतो.

पाचवी पायरी: पंख्याची वक्ररेषा

मोजमापासाठी बांधलेले पंखे आता मोकळे करा. रायझनच्या उड्यांमुळे पंखा सारखा घूं-घूं करत वर-खाली होतो. त्यावर उपाय म्हणजे बायोसमध्ये पंख्याचा वेग चढण्या-उतरण्याला काही सेकंदांचा विलंब देणं. ५५ अंशांपर्यंत ३५-४० टक्के, ७० ला ६५ टक्के, ८० ला १०० टक्के, ही सुरुवात बहुतेकांना पटते. उन्हाळ्यासाठी वेगळी रेषा करून ती बायोसच्या प्रोफाइलमध्ये साठवून ठेवा.

सहावी पायरी: खरी परीक्षा

तापमानाची आणि स्थिरतेची परीक्षा एकच नव्हे. जास्तीत जास्त उष्णता बघायची तर प्राइम९५ या प्रोग्रॅमची स्मॉल एफएफटी चाचणी वीस मिनिटं चालवा. रोजच्या वापरात एवढी उष्णता क्वचितच होते, त्यामुळे तिथे ८८-९० दिसले तरी चालेल. मात्र आपली ८५ची मर्यादा या चाचणीपुरती उठवावी लागेल, नाहीतर काहीच कळणार नाही. सिनेबेंचमध्ये मे महिन्याच्या हिशेबाने ८५च्या आत आणि गेममध्ये ८०च्या आत बसायला हवं.

कर्व्ह ऑप्टिमायझरचा दोष मात्र अशा जड चाचणीत सापडत नाही. तो दिसतो हलक्या कामात: ब्राउझर उघडा आहे, तुम्ही चहा घ्यायला उठला आहात, आणि संगणक परत आल्यावर लॉगिनच्या पडद्यावर उभा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर (WHEA-Logger) नावाने १८ क्रमांकाची नोंद सापडली की समजा, कुठल्यातरी कोअरला व्होल्टेज कमी पडतंय. कोअरसायकलर हा प्रोग्रॅम एकेक कोअर वेगळा तपासतो. तो रात्रभर चालू ठेवा आणि जो कोअर नापास होईल त्याचा आकडा पाचने शून्याकडे आणा.

सेटिंग इतकी बिघडली की पडदाच येत नाही, तर घाबरू नका. वीज काढा, मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉस जंपर काही सेकंद जोडा, किंवा गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. सगळं मूळ जागी येतं.

परीक्षेत मदरबोर्डच्या व्हीआरएमचंही तापमान बघा. प्रोसेसरला वीज पुरवणारा हा भाग स्वस्त बोर्डांवर उघडाच असतो. वॉटर कूलर लावला की तिथला पंखा जातो आणि त्याला हवाच मिळत नाही. तो शंभरीकडे जायला लागला तर विजेची मर्यादा खाली आणा.

इंटेल वापरत असाल तर

ओव्हरक्लॉकिंग ‘के’ अक्षराच्या प्रोसेसरवर आणि झेड चिपसेटच्या बोर्डावर. बरेच बोर्ड मुळातच विजेची मर्यादा काढून टाकून येतात, त्यामुळे पहिलं काम म्हणजे पीएल१ (सततच्या विजेची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती वाढीव मर्यादा) हे आकडे इंटेलने ठरवलेल्या जागी आणणं. १३६००केसाठी पीएल२ १८१ वॉट आहे, १३७००के आणि १३९००केसाठी २५३. तापमानाची मर्यादा १०० अंशांची. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना वाढीव व्होल्टेजमुळे कायमचं नुकसान होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं आणि इंटेलने ०एक्स१२९, मग ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे, बायोसमधून येणारे अपडेट) दिले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तुमचा प्रोसेसर या पिढ्यांतला असेल तर नवा बायोस टाकल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका.

रायझन ७०००चे एक्सवाले मोठे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ला जाऊन तिथेच चालावेत, असेच एएमडीने बनवले आहेत. तिथे वेग वाढवण्यापेक्षा इको मोड (विजेची मर्यादा खाली आणणारी सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर यांची जोडी जास्त समाधान देते.

वर्षभराची देखभाल

मार्च संपताना जाळ्या धुवा, कूलरच्या पात्यांतली धूळ ब्लोअरने उडवा. उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा. मग दुसऱ्या पायरीची चाचणी पुन्हा करा आणि फरकाचा आकडा वहीतल्या जुन्या आकड्याशी ताडून बघा. खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरकच पाच-सात अंशांनी वाढला असेल तर दोष हवामानाचा नाही: धूळ, सुकलेली पेस्ट किंवा वॉटर कूलरचा थकलेला पंप, या क्रमाने तपासा. विदर्भ-मराठवाड्यात पाण्याचा कूलर खोलीत लावतात. त्याने खोली उतरते, प्रोसेसरलाही फायदा होतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. ओलसर हवेबरोबर येणारे तुषार आणि क्षार बोर्डावर बसतात.

बायोस अपडेट केला की कर्व्ह ऑप्टिमायझरपासून पंख्याच्या रेषेपर्यंत सगळं पुसलं जातं, आणि जुनी साठवलेली प्रोफाइल नव्या बायोसमध्ये अनेकदा उघडत नाही. म्हणून अपडेटआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि नंतर आकडे हाताने भरा, थर्मल लिमिटचा सगळ्यात आधी.